माहेरचं नाव सांग!

लग्न होऊन मी कासारवाडीच्या चाळीत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नळावर एका उंच, हाडकुळ्या बाईनं माझा हंडा पायानं अडवला.

"नाव काय गं तुजं?"

"मीनाक्षी सावंत," मी म्हटलं. नाव कोरं करकरीत होतं. उच्चारताना जीभ अडखळत होती.

"ते सासरचं झालं. माहेरचं नाव सांग."

"प्रभा."

"कोन प्रभा?"

"प्रभा नारकर."

"हां! आता भर पानी." तिनं पाय काढला आणि नळाखालची आपली कळशी बाजूला करून मला जागा दिली.

ही हौसाक्का. रेशनकार्डावर, कंपनीच्या पासावर आणि तिच्या सासूच्या तोंडी तिचं नाव होतं सौ. रमा गणपत जाधव. पण त्या नावानं हाक मारली तर ती मान वळवायची नाही. कुणी दारात येऊन विचारलं, "जाधवकाकू आहेत का?" तर दारातच तांदूळ निवडत बसलेली हौसाक्का वर न बघता सांगायची, "हितं कुनी जाधवकाकू ऱ्हात न्हाई." माणूस बुचकळ्यात पडून परत जायचा. गॅससाठी नंबर लावला होता, तर एजन्सीचा माणूस असाच दोनदा परत गेला आणि हौसाक्कानं पुढं कित्येक महिने स्टोव्हच फुंकला, पण ओ दिली नाही.

स्वतःपुरतं केलं असतं तर चाळीनं चालवून घेतलं असतं. पण तिनं चाळीतल्या एकूण एक बायकांची माहेरची नावं पाठ केली होती आणि ती नावं ती भल्या सकाळी खड्या आवाजात पुकारायची. लोणावळ्याची गाडी धडधडत गेली तरी तिचा आवाज वर असायचा. "ए शकुंतला पवार, तुजं दूध उतू चाललंय! ए लीला थोरात, पोरगं रडतंय तुजं!" नवीन माणसाला वाटावं, या चाळीत सगळ्या पोरी बिनलग्नाच्याच राहतात. सासवा खवळायच्या. "आमच्या घरात कुणी थोरात नाही," असं लीलाच्या सासूनं एकदा बजावलं. हौसाक्का म्हणाली, "तुमच्या चुलीपुढं बसलीया की ती. बगा तरी वळून."

मला पहिल्यांदा तिनं लांबून "प्रभा नारकर" अशी हाक मारली, तेव्हा मी भरलेली बादली तिथंच टाकून धावले होते. मला वाटलं, चिपळूणहून, माहेरचं कुणीतरी आलं. लग्नाला महिना झाला होता आणि त्या महिन्यात ते नाव कुणीच घेतलं नव्हतं. नळावरच्या त्या सकाळनंतर मी स्वतःसुद्धा.

तिचं म्हणणं साधं होतं आणि ते ती मिश्री लावता लावता, थुंकीसकट मांडायची. "नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं न्हाई, पाप लागतं. आन् त्येच नाव जल्मभर आपल्या म्होरं लावून हिंडायचं! ह्यो कुटला न्याय गं? आन् आडनावच न्हाई, बापाचं नाव जातं, आपलं सोताचंबी जातं. तीनातलं एक तरी ठेवायचं! चोरसुदिक घर सगळं धुऊन नेत न्हाई." आणि शेवटी तिचा ठरलेला सवाल यायचा, "मला इच्यारलं का कुनी?"

हा सवाल ती कुणालाही टाकायची. रॉकेलवाल्याला, कंडक्टरला, गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना. "आमचे हे" तर तिला इतके घाबरायचे, की ती आमच्याकडं आली की ते मागच्या दारानं पेपर घेऊन बाहेर जायचे.

चाळीत शेडग्यांच्या मुलाचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट. नवरी घरात आली, लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरले, नवरदेवानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं. मुलीचं नाव मंगल होतं, तिची झाली प्रतिमा. पेढे वाटायची वेळ आली. इतक्यात हौसाक्का पुढं सरकली आणि तिनं ताटातल्या तांदळांतून सरळ हात फिरवला.

"अहो, काय केलंत हे?" शेडगेबाई ओरडल्या.

"खडा हुता," हौसाक्का म्हणाली. "निवडल्यालं दिसत न्हाईत तांदूळ."

नवरदेवानं बिचाऱ्यानं पुन्हा लिहिलं. तिनं पुन्हा खडा काढला. तिसऱ्यांदा शेडगेबाईंनी ताट डोक्यावर धरलं आणि मुलगा टाचा उंचावून लिहायला लागला. सगळी खोली हसत होती. मुंडावळ्यांमागं ती नवी पोरही खुदकन हसली. मग हौसाक्कानं तिला विचारलं, "पोरी, तुला कोन व्हायचंय? मंगल का परतिमा?"

तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मुलीनं सासूकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाली, "यांना आवडेल ते."

हौसाक्का पेढा न घेता उठली. दारात येऊन माझ्या कानात म्हणाली, "बग. आत्ता आली न्हाई तवर आवडसुदिक गेली."

मला त्या क्षणी राग आला, तो कुणाचा हे मला नीट कळलं नाही. शेडगेबाईंचा आला. त्या पोरीचाही आला. आणि माझ्या लग्नात तांदळात "मीनाक्षी" लिहिलं गेलं तेव्हा मीही अशीच मान खाली घालून बसले होते, हे आठवून तर जास्तच आला. नाव आवडलं का, एवढा एक प्रश्न. साडीचा रंगसुद्धा मला दाखवून घेतला होता की!

तिच्या या हट्टाला फक्त एकदाच ठेच लागली. चाळीच्या टोकाला गंगूबाई म्हणून एक म्हातारी राहायची. तिला माहेरचं नाव विचारलं की ती विषय बदलायची. हौसाक्कानं चिवटपणानं तिच्या गावाकडच्या पाहुणीकडून ते काढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर हाक दिली, "ए नकुसा!"

म्हातारीनं कळशी खाली ठेवली. "पाचवी पोर म्हून बापानं ठेवलं हुतं ते," ती म्हणाली. "नकुसा. नगं झाल्याली. माज्या मालकानं मला गंगा म्हटलं, तवा मला पैल्यांदा मानसात आल्यागत वाटलं. तू माजं त्ये नाव नगं काढूस, बाई."

त्या दिवशी नळावर एकही हाक झाली नाही. दुसऱ्या दिवशी हौसाक्का म्हातारीच्या दारात गेली आणि म्हणाली, "गंगा. पर तुला आवडतं म्हून. तुज्या सासरच्यास्नी आवडतं म्हून न्हाई."

त्या सुमाराला पिंपरी-चिंचवडला एकामागून एक कंपन्या उठत होत्या. हौसाक्का पिंपरीच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. तिनंच खटपट करून मलाही तिथं चिकटवलं. बाटल्यांवरची लेबलं तपासायचं तिचं काम. नऊवारीवर पांढरा कोट, डोक्याला टोपी, अशी ती सरकत्या पट्ट्याच्या टोकाला बसायची. स्पीकरवरून "मिसेस जाधव, टाइम ऑफिस!" अशी हाक आली की आमच्या खात्यातल्या तीन-चार जाधव लगबगीनं उठायच्या. ही एकटी बसून राहायची. नेमकं बोलावणं तिलाच असायचं.

टाइम ऑफिसात देशमुख म्हणून साहेब होते, तसे सज्जन. पगाराच्या दिवशी हौसाक्का अंगठा उठवायची. ती चौथी शिकलेली, पेपर वाचणारी; पण सही कर म्हटलं की बोट शाईत बुडवायची. एकदा मी तिच्यामागं उभी असताना देशमुखांनी विचारलंच, "बाई, तुम्हाला लिहिता येतं, मग अंगठा का?"

"रमा जाधव लिवायला येत न्हाई मला."

"मग काय येतं?"

"हौसा धोंडिबा तापकीर येतं. लिवू?"

"कागदावर तुमचं नाव रमा आहे. तुमच्या मिस्टरांनी लिहून दिलंय."

"मला इच्यारलं का कुनी?"

देशमुख हसले. "अहो, लग्न झालं की नाव बदलतंच. जगाची रीत आहे."

"कशापायी पर?"

"म्हणजे… ओळख पटते. ही बाई कुणाची कोण, ते कळतं."

"बरं. तुमी कुनाचं कोन, ते तुमच्या नावावरनं कसं कळावं? तुमचं लगीन झालंय का न्हाई, हेबी कळत न्हाई. आन् सायेब, बाटलीवर दुसरंच लेबल गेलं तर मला मेमो देता. माज्यावर दुसरंच लेबल हाय, त्येचा मेमो कुनाला?"

मागच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. देशमुख लाल झाले, पण मग शांतपणे म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटतं, बाई. पण पगार रमा जाधवांचा आहे. घ्यायचा असेल तर घ्या." हौसाक्कानं अंगठा दाबला. एवढ्या जोरात, की खालच्या पानावरही उमटला. "अंगठ्याला आडनाव नसतंय," ती म्हणाली. पण बाहेर आल्यावर शाई निघून गेली तरी ती कितीतरी वेळ अंगठा कोटाला घासत राहिली. त्या दिवशी मला वाटलं, या बाईच्या रागाला काहीतरी वेगळं मूळ आहे.

ते मूळ सगळ्या कंपनीसमोर उघडं पडलं. कंपनीचा वार्षिक समारंभ होता. मांडव, खुर्च्या, कामगारांची बायकामुलं, बटाटेवडे. मुंबईहून मोठे साहेब आले होते. हौसाक्कानं इतक्या वर्षांत एकही चुकीचं लेबल बाहेर जाऊ दिलं नव्हतं, म्हणून तिला भिंतीवरचं घड्याळ मिळणार होतं. तिचे मालक गणपतराव इस्त्रीचा सदरा घालून आमच्या रांगेत बसले होते. गणपतराव अगदी मऊ माणूस. चिंचवडला नोकरी, येताना बायकोला भजी आणायचे, तिच्या बडबडीला नुसते हूं म्हणायचे.

देशमुखांनी माइकवर पुकारलं, "सौ. रमा गणपत जाधव."

हौसाक्का बसून राहिली.

"सौ. रमा गणपत जाधव! कृपया मंचावर यावं."

टाळ्या सुरू झाल्या, विरल्या. मोठे साहेब घड्याळ हातात धरून उभे. गणपतराव तिला कोपरानं ढोसत होते, "अगं ऊठ, ऊठ." मीही म्हटलं, "आक्का, आजच्या दिवस जा." तिसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा ती उठली. मंचाकडं मात्र गेली नाही. जागेवरूनच ओरडली.

"ती बाई वारली, सायेब!"

मांडवात हशा पिकला. तिनं हसू थांबेपर्यंत वाट पाहिली.

"हसू नगा. रमा जाधव खरंच वारली. पैल्या बाळंतपनात, बाळासकट. ती ह्यांची पैली बायकू. मी दुसरी. मी घरात आले तवा सासू म्हनली, घराला रमा म्हनायची सवं हाय, हिचंबी नाव रमाच ऱ्हाऊ द्या. मेल्याल्या बाईचं नाव माज्या अंगावर घातलं, तिचं लुगडं घालावं तसं. मला इच्यारलं न्हाई. तिलाबी इच्यारलं न्हाई. आता त्ये घड्याळ तिला द्यायचं आसंल तर तिला द्या. मला द्यायचं आसंल तर माजं नाव घ्या."

देशमुखांनी माइकवर हात ठेवला. मोठ्या साहेबांनीच खाली वाकून विचारलं, "क्या नाम है आपका?"

"हौसा धोंडिबा तापकीर."

साहेबांनी ते जमेल तसं, "हौशा धोंडीबा टपकीर" असं पुकारलं. ती गेली, घड्याळ घेतलं, नमस्कार केला आणि परत येऊन बसली. पहिल्यांदा आमच्या पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुरुष बऱ्याच जणांनी वाजवल्या नाहीत. गणपतरावांची खुर्ची रिकामी होती.

घरी जाऊन त्या मऊ माणसानं पहिल्यांदा आवाज चढवला. सगळ्या चाळीनं ऐकलं. "चारचौघांत माझी अब्रू घालवलीस!"

"तुमची अब्रू माज्या नावात हाय व्हय?" तिचा आवाज आला. "मग तुमीच लावा की तापकीर!"

पुढं तिनं कंपनीत नाव बदलून मागितलं. देशमुखांनी या वेळी मनापासून चौकशी केली आणि ओशाळून सांगितलं, वरचे म्हणतात नवऱ्याची संमती आणा. स्वतःचं, बापानं ठेवलेलं नाव परत घ्यायला नवऱ्याची परवानगी! ते नाव काढून घेताना कुणाचीच लागली नव्हती. आजही हे सांगताना माझ्या कानशिलाच्या शिरा उडतात. गणपतराव "बघू" म्हणाले. ते "बघू" शेवटपर्यंत बघूच राहिलं. हौसाक्का रिटायर होईस्तोवर अंगठाच देत राहिली.

समारंभानंतर आली ती दिवाळी. हौसाक्का एका सकाळी माझ्याकडं आली. नवं लुगडं नेसलेली, हातात पिशवी, पिशवीत तेलाची बाटली आणि उटणं. "प्रभा, चल माज्यासंगं. माणला जायचंय."

"माणला कोण आहे?" मी विचारलं. तिचं माहेर चऱ्होलीचं, हे मला माहीत होतं. आईबाप गेल्यावर भावांनी तिला बोलावणं सोडलं होतं, हेही.

"चल म्हनते न्हवं."

हिंजवडीपर्यंत एस.टी. आणि पुढं शेतांतून पायवाट. ज्वारी कमरेला आली होती. चालता चालता ती बोलायला लागली, आणि नळावरचा तो आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"लगीन झाल्यावर सासूनं माज्या गळ्यात सवतीचा टाक बांदला. चांदीचा, एवढासा, तिची मूरत कोरल्याला. म्हनली, रोज पाया पड, न्हाईतर तरास देईल. मी पाया पडायची. पर मनात यायचं, हिला हाक काय म्हून मारू? रमा तर सासूनं ठेवल्यालं. मग मी ह्यास्नी इच्यारलं, तिचं माहेरचं नाव काय वो? तर म्हनलं, ठावं न्हाई. दोन वरसं नांदवली गं तिला. प्वार पोटात घिऊन मेली. आन् नाव ठावं न्हाई! सासूला इच्यारलं, ती म्हनली, मेल्याल्या मानसाचं काय करायचंय?"

ती थांबली. पदरानं तोंड पुसलं.

"मग मी तिचं गाव इच्यारून काडलं आन् एकलीच आले हितं. दारात म्हातारी बसली हुती. म्हटलं, मावशे, तुज्या लेकीचं नाव काय हुतं? म्हातारी माज्या गळ्यात पडून रडाय लागली. म्हनली, लगीन लावून दिल्यापास्नं त्ये नाव आज कुनीतरी इच्यारलं."

गावाच्या कडेला कौलारू घर होतं. ओसरीवर घोंगडीवर एक वाळलेली म्हातारी बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पांढरे पडलेले. चपलांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"कोन? गजरा आली का गं?"

मी हौसाक्काकडं पाहिलं. परक्या नावाला ओ न देता जिनं भर मांडवात साहेबाला ताटकळत ठेवलं होतं, ती बाई पायरीवर बसली, म्हातारीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "व्हय आये. आले."

म्हातारीनं तिचं तोंड चाचपलं, अंबाडा सोडला. "केस किती रुकं झालं गं. तेल लावत न्हाईस?" हौसाक्कानं बाटली तिच्या हातात दिली आणि पाठ करून, मान खाली घालून बसली. म्हातारीची बोटं तिच्या पिकल्या केसांतून फिरायला लागली.

घरातली सून मला पाणी द्यायला आली. मी तिला बाजूला विचारलं, "त्यांना माहीत नाही का, ही कोण ते?"

"हाय की ठावं," सून म्हणाली. "कदी इसरत्यात, कदी इसरल्यागत करत्यात. दर दिवाळीला ह्ये आसंच."

ओसरीवर म्हातारी विचारत होती, "सासू बरी वागती का गं?"

"बरी वागती, आये."

"काय म्हून हाक मारती तुला?"

तेल तिच्या कानामागून ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"गजराच म्हनती," ती म्हणाली. "समदी गजराच म्हनत्यात, आये."